अतिसंवाहक तारेची सत्त्वपरीक्षा

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त वाशी येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘अतिसंवाहक तारेच्या धारा-क्षमतेवर तापमानाचा परिणाम व त्याचे मापन’ हा विषय मी संयोजकांना कळवला, तेव्हा त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारले की, याहून सोपे काही नाही का? मी नाही म्हटले. विज्ञान दिनाला आपण नेहमी मोठ्या शोधांची कथा सांगतो, आणि ती सांगायलाच हवी. परंतु शोध आणि कारखान्यातून बाहेर पडणारी वस्तू यांच्यामध्ये मापनाचे जे कंटाळवाणे, रात्री जागवणारे काम असते, त्याचे कीर्तन कोणी करीत नाही. आज ते करावे असा माझा मानस आहे.

जागाही अनुरूप आहे. खाडीपलीकडच्या ज्या भागाला इंग्रजांनी ट्रॉम्बे म्हटले, त्याचे मराठी नाव तुर्भे. अलीकडच्या तीरावर, आपल्या नवी मुंबईतही एक तुर्भे आहेच. पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र उभे आहे आणि त्याचेच एक संकुल इकडे वाशीत आहे. अणुऊर्जा आणि अवकाश या दोन्ही क्षेत्रांना लागणाऱ्या बेरिलियम धातूचे काम तेथे चालत आले आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातील कोणी ना कोणी रोज सकाळी खाडीपूल ओलांडून त्या कामावर जाते. ते नेमके काय करतात हे पुष्कळदा घरच्यांनाही ठाऊक नसते. तेव्हा हे व्याख्यान काही अंशी त्या घरांसाठी आहे.

एमआरआय तपासणी येथील बहुतेकांनी स्वतःची नाही तर आई-वडिलांची करून घेतली असेल. त्या बोगद्यासारख्या यंत्राच्या भिंतीत तारेची वेटोळी असतात. दीड टेस्लाच्या यंत्रातील चुंबकीय क्षेत्र आपल्या पायाखालच्या पृथ्वीच्या क्षेत्राहून तीस हजार पटींनी अधिक बलवान असते. एवढे क्षेत्र तांब्याच्या तारेने निर्माण करायचे, तर विजेचे बिल आणि उष्णता दोन्ही रुग्णालयाला पेलणार नाहीत. म्हणून तेथे निओबियम आणि टायटॅनियम या धातूंच्या मिश्रणाची तार वापरतात व ती द्रव हेलियमच्या साहाय्याने शून्याखाली २६९ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजेच ४.२ केल्विनपर्यंत थंड ठेवतात. त्या थंडीत तारेचा विरोध नाहीसा होतो. काहीशे अँपिअरची धारा एकदा वेटोळ्यात सोडून तोंडे जोडून टाकली की बाहेरून वीज न देता ती वर्षानुवर्षे फिरत राहते. रुग्णालयातील दिवे गेले तरी चुंबक जागाच असतो. ही अतिसंवाहकता.

तिचा शोध हॉलंडमधील लायडेन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांनी १९११ मध्ये लावला. त्याआधी तीन वर्षे, १९०८ मध्ये, त्यांनी हेलियम वायू द्रवरूपात आणला होता. त्या द्रवात पारा थंड करून पाहताना ४.२ केल्विनच्या आसपास त्याचा विरोध एकाएकी नाहीसा झाला. आता अतिप्रबळ चुंबक हाताशी आला असे ओनेस यांना वाटले. परंतु शिशाच्या तारेचे वेटोळे केले आणि काहीशे गाउस क्षेत्रातच तिची अतिसंवाहकता मावळली. पुढची पन्नास वर्षे हे स्वप्न जवळजवळ स्वप्नच राहिले.

हेलियमचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट येथेच सांगतो. आपल्या विजयदुर्गावर दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवून, येथूनच लॉकियर साहेबाने हेलियम शोधला, असे सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण हिंदुस्थानातूनच पाहिले गेले, हे खरे. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. आपल्या पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण व वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. परंतु नॉर्मन लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हते. त्यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिला. ते भारतात आले १८७१ च्या ग्रहणासाठी. विजयदुर्गाचा अभिमान बाळगायला शिवछत्रपतींचे आणि कान्होजी आंग्र्यांचे नाव पुरेसे आहे, त्याला लॉकियरच्या आधाराची गरज नाही. हे काहींना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. परंतु ज्यांना आपली तार जगापुढे मांडायची आहे, त्यांनी आपली तारीखही तपासून मांडावी.

आता मूळ विषय. अतिसंवाहक तारेला तीन मर्यादा असतात: तापमान, चुंबकीय क्षेत्र आणि धारा. तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. निओबियम-टायटॅनियम क्षेत्र नसताना सुमारे ९.२ केल्विनपर्यंत अतिसंवाहक राहते. ५ टेस्ला क्षेत्रात ठेवले, तर तीच मर्यादा सुमारे ७.२ केल्विनवर उतरते. आणि त्याही खाली तिच्यातून किती धारा नेता येईल, हे तापमानावर ठरते. समजा एक तार ५ टेस्ला क्षेत्रात ४.२ केल्विनला ३०० अँपिअर नेते. ५.२ केल्विनला ती सुमारे २०० नेईल, ६.२ ला १०० आणि ७.२ ला काहीच नाही. या धातूच्या बाबतीत ही घसरण बहुतांशी सरळ रेषेत होते. एका अंशाला एक तृतीयांश शक्ती जाते. आपल्या घरातील तांब्याच्या तारेला एका अंशाचे काहीच वाटत नाही.

असे का होते? प्रबळ क्षेत्रात ठेवलेल्या अशा धातूत चुंबकीय प्रवाह अत्यंत बारीक भोवऱ्यांच्या रूपाने आत शिरलेला असतो. तारेतून धारा गेली की ती या भोवऱ्यांना बाजूला ढकलते. भोवरे सरकू लागले की विद्युतदाब निर्माण होतो, उष्णता निर्माण होते आणि खेळ संपतो. ते जागीच रोवलेले राहिले, तरच तार विरोधाविना धारा वाहते. त्यांना रोवून धरतात ते धातूमधील दोष. आपण सर्वांनी शिबिरात राहुट्या ठोकल्या आहेत. वारा म्हणजे धारा, राहुटी म्हणजे भोवरा आणि खुंट्या म्हणजे टायटॅनियमचे सूक्ष्म कण. तार ओढताना मध्ये मध्ये सुमारे चारशे अंश सेल्सिअसला तापवून हे कण मुद्दाम घडवले जातात. तापमान वाढणे म्हणजे पावसाने जमीन भिजणे. खुंट्या तितक्याच असतात, वाराही तितकाच असतो, पण मातीची पकड सैल होते. निव्वळ शुद्ध, निर्दोष धातू येथे निरुपयोगी ठरतो. कोणता दोष, किती आणि कोठे हवा, हे ज्याला कळले त्याला तार कळली. आणि ते कळले की नाही, याचा निर्णय मापनाच्या मेजावर होतो.

ते मापन कसे होते? तारेचा एक-दीड मीटरचा तुकडा घेऊन तो पिंपाच्या आकाराच्या एका छोट्या साच्यावर मळसूत्रासारखा गुंडाळतात व दोन्ही टोके जाड तांब्याच्या कड्यांना डाख देऊन जोडतात. संपूर्ण साचा मोठ्या अतिसंवाहक चुंबकाच्या पोकळीत, द्रव हेलियममध्ये सोडतात. धारा बाहेरच्या दोन टोकांनी द्यायची आणि विद्युतदाब आतल्या दोन बिंदूंवरून वेगळ्या बारीक तारांनी घ्यायचा. म्हणून याला चार-टोकी पद्धत म्हणतात. जोडांचा विरोध त्यामुळे मोजमापात शिरत नाही. मग धारा हळूहळू वाढवायची. बराच वेळ काहीच होत नाही, काटा शून्यावर. आणि मग एका जागी दाब उसळी घेतो. एका सेंटिमीटरमागे एक मायक्रोव्होल्टचा दहावा हिस्सा दाब आला की त्या क्षणीची धारा ही तारेची क्रांतिक धारा, असे ठरवण्याचा प्रघात आहे. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. आपल्या टॉर्चमधील सेलचा दीड व्होल्ट आठवा, म्हणजे किती सूक्ष्म चाहुलीवर कान ठेवायचा आहे, याची कल्पना येईल.

येथून पुढे प्रत्येक गोष्ट फसवायला टपलेली असते. मोजणीच्या बारीक तारांचे एक टोक हेलियममध्ये आणि दुसरे खोलीत असल्यामुळे त्यांच्यातच काही मायक्रोव्होल्टचा खोटा दाब निर्माण होतो. धारा उलट दिशेने देऊन, दोन वाचने घेऊन तो वजा करावा लागतो. डाख दिलेल्या जोडावर थोडी उष्णता निर्माण होते आणि ती तारेतून आत सरकते. शिवाय धारा आणि क्षेत्र मिळून तारेवर जोर लावतात. हा जोर तारेला साच्यावर दाबेल अशाच दिशेने हवा. तो उलट असेल तर तार सुटून केसाएवढी हलते, घर्षण होते आणि तेवढ्यानेही ती तापते. कारण इतक्या थंडीत धातूंची उष्णता सामावून घेण्याची शक्ती हजारो पटींनी घटलेली असते. तारेवर तेथे टिचकीही सहन होत नाही.

आणि तापमान? द्रव हेलियम उकळतो त्याच तापमानावर राहतो, मग अडचण काय, असे वाटेल. अडचण अशी की उकळण्याचे तापमान हवेच्या दाबावर अवलंबून असते. हिशेब मांडून पाहा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, त्यामुळे तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के कमी. उघड्या भांड्यातील हेलियम तेथे एका अंशाच्या सुमारे साडेसहा शतांशांनी अधिक थंड राहील. मघाची ३०० अँपिअरची तार पुण्यात ३०६ अँपिअर नेईल! तार तीच, उपकरण तेच. पुणेकरांनी याचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. दोन टक्क्यांची ही वाढ निव्वळ घाटमाथ्याची आहे. मुंबईतही जानेवारीतील दाब आणि जुलैतील पावसाळी दाब यांत जो फरक पडतो, त्याने एक अँपिअर इकडचा तिकडे होतो. म्हणून मापनाच्या वहीत तारखेसोबत हेलियमवरील वायूचा दाब लिहायचा असतो. तो लिहिला नसेल, तर तो आकडा कितीही सुंदर असला तरी दुसऱ्या प्रयोगशाळेला त्याचा उपयोग नाही.

याहून कठीण काम म्हणजे ४.२ केल्विनच्या वर मोजणे. तेव्हा तार द्रवात ठेवता येत नाही. बंद कुपीत हेलियमचा वायू, एक तापक आणि तापमापक यांच्या साहाय्याने तापमान ५ किंवा ६ केल्विनवर स्थिर धरावे लागते. वायू द्रवासारखी उष्णता वाहून नेत नाही. धारा मर्यादेजवळ आली की तार स्वतःच किंचित तापते, तापली की तिची क्षमता घटते, घटली की ती आणखी तापते. तापमापक शेजारी चिकटवलेला असला तरी तो तारेचे नव्हे, शेजारचे तापमान सांगतो. आणि प्रबळ क्षेत्रात काही तापमापक स्वतःच चुकीचे बोलतात. घाईने धारा वाढवली तर एक उत्तर येते आणि सावकाश वाढवली तर दुसरे. दोन्ही सारखी येईपर्यंत प्रयोग करीत राहायचा. या वेळात हेलियम उडत असतो, एका वॅटच्या उष्णतेला तासाला सुमारे १.४ लिटर या वेगाने. आपल्या देशाला लागणारा जवळजवळ सर्व हेलियम परदेशातून येतो. त्यामुळे चांगल्या प्रयोगशाळेत उडालेला वायू पिशव्यांत साठवून पुन्हा द्रव केला जातो. काटकसर तेथे सक्तीची आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? चुंबक बांधणाऱ्याला एकच प्रश्न असतो, ही तार किती तापली तरी निभावेल? चालू तापमान आणि निभावण्याची सीमा यांच्यातील अंतराला आपण तापमानाची शिल्लक म्हणू. ती केल्विनच्या अंशांत मोजतात. ती अधिक धरली तर तार जास्त लागते आणि चुंबक महाग होतो. कमी धरली तर एखाद्या दिवशी वेटोळ्याचा एक कोपरा तापतो, अतिसंवाहकता तेथे हरपते, ती आग पसरावी तशी पसरते आणि सगळा हेलियम वाफ होऊन धुराड्यातून बाहेर पडतो. याला जगभर ‘क्वेंच’ म्हणतात, आपल्याकडेही हाच शब्द रूढ आहे. अशा वेळी धारेला पळवाट हवी म्हणूनच अतिसंवाहक तंतू तांब्यात बसवलेले असतात.

या परीक्षेचे जगातील सर्वात मोठे केंद्र जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत होते आणि तेथे आपली माणसे होती. २७ किलोमीटर घेराच्या त्या त्वरकाला १२३२ मुख्य चुंबक लागले. प्रत्येक सुमारे १५ मीटर लांब, ३५ टन वजनाचा, प्रत्येकात जवळजवळ १२ हजार अँपिअर धारा. तार तीच, निओबियम-टायटॅनियमची. आतल्या थरातील एक मिलिमीटर जाडीच्या तारेत सुमारे ८९०० तंतू, प्रत्येक तंतू केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. हे चुंबक ४.२ ऐवजी १.९ केल्विनला चालवतात. कारण मघाचेच. तेवढ्या अधिक थंडीने हीच तार सुमारे ३ टेस्ला अधिक क्षेत्रात तेवढीच धारा नेते.

हे चुंबक आणि त्यांच्या जोडीचे इतर, मिळून १७०६, एकेक करून थंड करून, पूर्ण धारा देऊन तपासायचे होते. ‘एसएम १८’ नावाच्या दालनात बारा मेजांवर दिवसरात्र हे काम चालले आणि २००७ च्या प्रारंभी संपले. त्या पाळ्यांमध्ये भारताच्या अणुऊर्जा विभागातून, म्हणजे तुर्भे, इंदूर, कोलकाता येथून, एकेका वर्षाच्या नेमणुकीवर गेलेले अभियंते आणि तंत्रज्ञ मोठ्या संख्येने होते. इंदूरच्या केंद्राच्या देखरेखीखाली सुधारक चुंबकही भारतात बनून गेले. सर्नच्या आवारात २००४ मध्ये भारताने भेट दिलेली नटराजाची मूर्ती आहे. तिचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे, एकमेकांना पाठवलेही आहे. परंतु हिवाळ्यातील रात्रपाळीत, घरापासून सात हजार किलोमीटर दूर, चुंबकाच्या क्वेंचची नोंद करीत बसलेल्या आपल्या माणसांचे छायाचित्र कोणी पाठवल्याचे मला आठवत नाही.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १० सप्टेंबर २००८ रोजी त्वरक सुरू झाला. नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, धारा ८७०० अँपिअरवर असताना दोन चुंबकांमधील एक सांधा वितळला, ठिणगी उडाली, हेलियमची बंदिस्ती फुटली. सुमारे सहा टन हेलियम बोगद्यात पसरला. ५३ चुंबक भूपृष्ठावर आणावे लागले आणि त्वरक पुन्हा चालू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. त्या सांध्याचा विरोध होता ओहमच्या अब्जांश भागाच्या २२० पट. हिशेब करा, त्यातून निघालेली उष्णता भरते सोळा-सतरा वॅट. आपल्या देवघरात पूर्वी जो ‘झीरो’चा दिवा जळत असे, तेवढी! चुंबक प्रत्येकी मेजावर तपासलेले होते. दोन चुंबकांमधला सांधा बोगद्यात दिलेला, तो मेजावर येणे शक्यच नव्हते, आणि दगा दिला तो त्यानेच. यानंतर सर्नने सांध्यांचा विरोध मोजण्याची आणि बिघाड आधी ओळखण्याची व्यवस्था नव्याने उभारली.

आता आपल्या तारेकडे येऊ. येथे मला थोडे अप्रिय बोलायचे आहे. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या आंतरराष्ट्रीय संलयन भट्टीत, इटरमध्ये, भारत डिसेंबर २००५ पासून समान भागीदार आहे. तिचे महाकाय शीतपात्र सुरतजवळच्या हजिऱ्यात बनले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्या भट्टीच्या चुंबकांसाठी लागणारी अतिसंवाहक केबल सात भागीदारांपैकी सहांनी पुरवली. सातवा, न पुरवणारा, भारत. गांधीनगरजवळच्या आपल्या स्वतःच्या एसएसटी-१ यंत्राची अतिसंवाहक केबलही जपानहून आलेली होती. त्या यंत्राने २०१३ मध्ये पहिला प्लाझ्मा दिला, हे यश आपल्या शास्त्रज्ञांचे आहे. तार मात्र विकतची.

विकत मिळते तोवर काय बिघडले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना दोन तारखा आठवून द्याव्या लागतात. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर आपल्या प्रयोगशाळांना साध्या साध्या वस्तू नाकारल्या गेल्या. १९९३ मध्ये रशियाने अमेरिकेच्या दबावाखाली क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान देण्यास नकार दिला; स्वतःचे इंजिन लावून जीएसएलव्ही यशस्वी व्हायला ५ जानेवारी २०१४ उजाडले. वीस वर्षे! नकार येतो तेव्हा तो पूर्वसूचना देऊन येत नाही.

म्हणून भाभा केंद्राच्या अणुइंधन विभागाने निओबियम-टायटॅनियमची बहुतंतू तार आणि तिच्यापासून ३० हजार अँपिअर धारेसाठीची केबल देशात विकसित करण्याचे काम हाती घेतले, याचे मोल मला फार मोठे वाटते. अशा केबलमध्ये अनेक तारांना टप्प्याटप्प्याने पीळ देऊन पोलादी नळीत बसवतात आणि त्याच नळीतून हेलियम खेळवतात. निओबियम हैदराबादच्या अणुइंधन संकुलात तयार होते. टायटॅनियमचे खनिज, इल्मेनाइट, केरळच्या किनाऱ्यावर विपुल आहे आणि आपल्या रत्नागिरीच्या वाळूतही आहे. कच्चा माल, कारागीर, भट्ट्या यांची वाण नाही. तांब्याच्या जाड ओंडक्यात धातूचे दांडे बसवून तो ओढत ओढत मिलिमीटरवर आणणे आणि आतला एकही तंतू तुटू न देणे, हेही साध्य होते. प्रश्न लांबीचा आणि सातत्याचा आहे. शंभर मीटर उत्तम तार बनवणे हा प्रयोग झाला. शंभर किलोमीटर तार, पहिल्या मीटरपासून शेवटच्यापर्यंत सारखी, हा उद्योग. आणि ती सारखी आहे हे कोण सांगणार? प्रत्येक रिळाच्या दोन्ही टोकांचे तुकडे कापून, वेगवेगळ्या क्षेत्रांत आणि तापमानांत मोजून काढलेला तक्ताच ते सांगणार.

हा तक्ता ज्याच्या हाती, त्याच्या हाती चुंबक. विदेशी कंपनी तार विकते तेव्हा सोबत स्वतःचा तक्ता देते. आपण तो पडताळू शकत नसलो, तर शिल्लक किती धरायची हेही तीच ठरवते, आणि उद्या चुंबक बिघडला तर दोष कोणाचा हेही. उलट, आपली तार अपेक्षेहून दहा टक्के कमी भरली तरी बिघडत नाही. ती किती कमी भरते हे पक्के ठाऊक असले की तेवढी तार अधिक घालून उत्तम चुंबक बांधता येतो. आमच्याकडे ‘स्वदेशी’ शब्द उच्चारताच टाळ्या पडतात, आणि त्या पडाव्यात. परंतु स्वदेशी तारेचा कमी आलेला आकडा जो जसाच्या तसा वहीत लिहितो आणि वरिष्ठांपुढे ठेवतो, त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला आपण शिकलो नाही. मला तो मनुष्य अधिक स्वदेशी वाटतो.

शोधाच्या बाबतीत आपण मागे नाही, हे सांगितलेच पाहिजे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९४ च्या सुमारास निकेल, बोरॉन व कार्बन असलेल्या अतिसंवाहकांचे एक नवे कुळच सापडले आणि जगभर त्यावर संशोधन झाले. त्याच संस्थेत पुढे बिस्मथ धातू केल्विनच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास अतिसंवाहक होतो, असे आढळले. ती मूलभूत विज्ञानाची कामगिरी. तिच्यातून तार निघत नाही आणि निघावी अशी अपेक्षाही नाही. तारेचे काम वेगळ्या प्रकारचे, वेगळ्या सहनशीलतेचे आहे.

त्या सहनशीलतेला आज प्रथमच घरगुती गिऱ्हाईक दिसू लागले आहे. पवईला मुख्यालय असलेल्या ‘समीर’ या शासकीय संस्थेच्या पुढाकाराने दीड टेस्लाचे भारतीय एमआरआय यंत्र विकसित होत असून, चुंबकाचे काम दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्राकडे आहे. मार्च २०२५ मध्ये ते यंत्र चाचण्यांसाठी दिल्लीच्या एम्स रुग्णालयात बसवण्याचा करार झाला. त्याच वर्षी बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स कंपनीचे दीड टेस्लाचे यंत्र आपल्या चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसल्याच्या वार्ताही आपण वाचल्या. चंद्रपूरच्या रुग्णाला तपासणीसाठी नागपूरचा रस्ता धरावा लागत होता, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या वार्तेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

अशी यंत्रे शेकड्यांनी लागतील. प्रत्येकात कित्येक किलोमीटर तार जाईल. यंत्र देशी, ही पहिली पायरी. चुंबक देशी, ही दुसरी. तार देशी आणि तिचा तक्ता देशी, ही तिसरी. तिसरीवर पाय ठेवायचा तर कमी तापमानात मोजण्याच्या सोयी तुर्भे, दिल्ली आणि गांधीनगर एवढ्यापुरत्या राहून चालणार नाहीत. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला, तांबेयुक्त सिरॅमिक पट्टीची क्रांतिक धारा मोजता येते. त्यासाठी हेलियम लागत नाही. नायट्रोजन आपल्या औद्योगिक वसाहतींत सहज मिळतो. चार टोके, एक मायक्रोव्होल्टमापक आणि एक स्थिर विद्युतस्रोत एवढ्यावर पहिला धडा गिरवता येतो. येथे बसलेल्यांपैकी काही जण महाविद्यालयांच्या व्यवस्थापनात आहेत. त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. साहित्याची यादी मी लिहून आणली आहे, आणि तिची किंमत सभागृहाच्या वातानुकूलनाहून कमी आहे.

पुढच्या रांगेतील विद्यार्थ्यांचे हात मघापासून वर आहेत. त्यांचे प्रश्न आधी घेऊ.